एक गिटार, चार गळे : नाताळची जुनी गाणी सहा तारांवर कशी बसतात

"तू एकटाच वाजवू राहिला का? मग तो दुसरा कुठी बसेल आहे?"

मागच्या डिसेंबरात शेजारच्या मावशींनी खिडकीतून डोकावून हा प्रश्न केला. मी खोलीत एकटाच होतो, मांडीवर गिटार होती आणि 'सायलेंट नाइट' चालू होतं. मावशींना वरून गाण्याची चाल ऐकू येत होती, खालून कुणीतरी ठेका धरल्यासारखे जाड स्वर, आणि मधे बारीक झुळझुळ. एवढं सगळं एका माणसाचं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. मोबाइलवर मागे ट्रॅक लावलाय का, तेही त्यांनी बघून घेतलं.

दर वर्षी या दिवसांत फोनवर असे व्हिडिओ फिरायला लागतात. एक माणूस, एक गिटार, ना गाणारा ना तबला, आणि तरी गाणं पुरं भरलेलं. भुसावळ रेल्वेचं गाव. रेल्वेबरोबर गोव्याची, अँग्लो-इंडियन कुटुंबं इथे आली, त्यामुळे नाताळची गाणी आमच्या कानांना परकी नाहीत. शिकायला येणारी मुलं मात्र दरवेळी विचारतात, "सर, कॉर्ड तर आम्हालाही येतात. मग आमच्या गिटारीतून गाणं का येत नाही, नुसतं खाड-खाड का येतं?" हा लेख त्यांच्यासाठी, आणि मावशींसाठीही.

कॅरल म्हणजे नक्की काय

कॅरल म्हणजे नाताळगीत, असं आपण धरून चालतो. मुळात युरोपात हा शब्द फेर धरून नाचताना म्हणायच्या गाण्यांना होता. म्हणजे आपल्याकडे भुलाबाईची गाणी जशी, तसं काहीसं. चर्चने ही गाणी नंतर जवळ केली. म्हणूनच जुन्या कॅरलची चाल कुणालाही गाता यावी अशी सोपी असते, ओळी छोट्या असतात आणि दम घ्यायला जागा असते.

बऱ्याच नावाजलेल्या कॅरलच्या चाली आधी दुसऱ्याच कशाच्या तरी होत्या, ही गंमत फारशी कुणी सांगत नाही. 'गुड किंग वेन्सेस्लास'ची चाल १५८२ च्या एका लॅटिन गीतसंग्रहात वसंत ऋतूच्या गाण्याला आहे, नाताळचे शब्द तिला १८५३ साली मिळाले. 'हार्क द हेराल्ड एंजल्स सिंग'चे शब्द १७३९ चे. चाल संगीतकार मेंडेलसनने १८४० साली छपाईकलेच्या चारशे वर्षांच्या उत्सवासाठी रचलेल्या संगीतातली. दोघांची गाठ १८५५ साली तिसऱ्याच माणसाने घालून दिली. आणि 'जिंगल बेल्स'? १८५७ चं हे गाणं बर्फावरच्या घोडागाडीचं आहे, त्यात नाताळाचा उल्लेखसुद्धा नाही.

हे आधीच सांगितलं, कारण जुन्या गाण्याला हात लावायला मुलं घाबरतात. ही गाणी दोनशे-चारशे वर्षं हाताळली गेलीत म्हणूनच टिकलीत. त्यातही 'सायलेंट नाइट'वर गिटारचा हक्क जुना आहे. योसेफ मोर या पाद्र्याने १८१६ साली शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकाने १८१८ साली चाल लावली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये दोघांनी ते गायलं. साथीला होती मोरची गिटार. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट दर नाताळाला सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. मोरची ती गिटार अजून जपून ठेवलेली आहे.

चौघांचं काम एकाच्या गळ्यात

चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकात कॅरल चार आवाजांत लिहिलेलं असतं. सगळ्यात वर बायकांचा उंच आवाज, त्याच्याकडे चाल. खाली बायकांचाच जरा जाड आवाज, त्याखाली पुरुषांचा उंच आवाज, आणि तळाला पुरुषांचा खर्ज. त्या खर्जाला आपण पुढे बेस म्हणू. चौघं एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात आणि ते एकमेकांत मिसळतात, याला म्हणतात हार्मनी. भजनी मंडळात सगळे एकाच चालीत गातात, तिथे ही भानगड नसते. म्हणून आपल्या कानाला चर्चचं गाणं 'भरलेलं' वाटतं.

एकट्या गिटारवर कॅरल बसवायचं म्हणजे या चौघांचं काम एका माणसाने करायचं. याला अरेंजमेंट म्हणतात. मी वर्गात 'बसवणं' म्हणतो. नाटक बसवतात तसं गाणं बसवायचं.

तारा सहा, गळे चार, मग अडचण कुठे आहे? अडचण डाव्या हातात आहे. तारा दाबायला बोटं चारच, आणि ती साधारण चार-पाच फ्रेटांच्या पलीकडे ताणत नाहीत. (सतारीला पडदे असतात तसे गिटारच्या दांडीवरचे धातूचे आडवे पट्टे, ते फ्रेट.) शिवाय एका तारेतून एका वेळी एकच स्वर निघतो. पुस्तकातले दोन शेजारी स्वर एकाच तारेवर आले की एकाला बाहेर बसावं लागतं. पियानोवाल्याला हा त्रास नाही. त्याच्याकडे दहा बोटं, आणि प्रत्येक स्वराला वेगळी पट्टी.

उजव्या हाताची वाटणी मात्र ठरलेली आहे. अंगठ्याकडे खालच्या तीन जाड तारा, म्हणजे बेस. तर्जनीकडे तिसरी तार, मधल्या बोटाकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक. म्हणजे चाल बहुतेक वेळा अनामिकेच्या वाट्याला येते. सगळ्यात नाजूक बोट आणि सगळ्यात मोठं काम! मुलांच्या गिटारीतून 'खाड-खाड' येतं त्याचं मोठं कारण हेच. अंगठा जोरदार, अनामिका लाजाळू, त्यामुळे चाल बुडते.

आमच्या भागातल्या जुन्या बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या, ते आठवा. आसोद्याच्या बहिणाबाईंची ओवी अशा घरांतूनच आली. हात खुंट्याला धरून एका लयीत फिरतोय, जात्याची घरघर थांबत नाही, आणि गळा मात्र आपल्या चालीने वर-खाली जातो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो. हाताने गळ्याला ओढत नेलं तर ओवी बिघडते, गळा रेंगाळला म्हणून हात थांबला तर दळण. गिटारवाल्याचा अंगठा खुंट्यावरचा हात आणि अनामिका गळा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

नवशिक्या माणूस पुस्तकातले चारही स्वर गिटारवर कोंबायला बघतो. बोटांच्या गाठी होतात, गाणं दर दोन मात्रांनी अडखळतं आणि ऐकणाऱ्याला फक्त धडपड ऐकू येते. बसवणं म्हणजे मुख्यतः टाकणं. पण कुठलाही स्वर टाकून चालत नाही.

आपलं भरीत घ्या. काड्यांवर वांगी भाजली की साल काढून फेकतो. ताटात साल नसते, पण भाजल्याचा वास प्रत्येक घासात असतो. वास गराला आधीच लागलेला असतो म्हणून साल टाकता येते. न भाजता साल काढली तर ते भरीत होणार नाही.

गाण्यातही तसंच. वरची चाल आणि खालचा बेस, हे दोन पक्के ठेवायचे. या दोघांमधल्या अंतरातून कानाला हार्मनीचा अंदाज येतो, मधलं तो स्वतःच भरून घेतो. मधल्या दोन आवाजांतून गरज असेल तिथे एखादा स्वर घ्यायचा, नाहीतर नाही.

आता तो एक स्वर कुठला? इथे कॉर्ड कळायला हवी. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा जास्त स्वर. साधी कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प. यातला सा बेसमध्ये असतो. पंचम गेला तर कुणाला पत्ता लागत नाही, त्याची छाया सा वाजला की तशीही ऐकू येतेच. पण गंधार टाकू नका. शुद्ध गंधार असेल तर कॉर्ड उजळ, तिला मेजर म्हणतात. कोमल गंधार असेल तर कॉर्ड उदास, ती मायनर. गंधार गेला की गाणं हसतंय की रडतंय तेच कळत नाही. चालच गंधारावर असेल तर मात्र मधे काहीच नको, बेस आणि चाल एवढ्यावर भागतं. आणि एकच स्वर दोन गळ्यांत आलेला असेल, तर सगळ्यात आधी त्यातला एक उडवा.

एवढा एक नियम कळला तरी निम्म्या मुलांची गिटार गाऊ लागते. बाकीच्या निम्म्यांना नियम कळतो, पण टाकवत नाही. आपल्याला येतं ते सगळं दाखवायची हौस असते.

पट्टी बदलली की बोटं मोकळी होतात

बसवण्यातला सगळ्यात मोठा निर्णय एकही तार छेडण्याआधी घ्यायचा असतो. तो म्हणजे पट्टी, गाण्याचा सा कुठे धरायचा ते. पुस्तकांत 'सायलेंट नाइट' बऱ्याचदा बी फ्लॅटमध्ये असतं, म्हणजे पेटीवरची काळी पाच. गाणाऱ्यांना ती सोयीची. गिटारवर ही पट्टी म्हणजे छळ. बी फ्लॅट कॉर्डला एक बोट आडवं टाकून पाच तारा दाबून धराव्या लागतात. हात तिथेच अडकतो, चाल वाजवायला बोट उरतच नाही.

तेच गाणं जीमध्ये घ्या, म्हणजे पेटीची पांढरी पाच. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. गाण्याची सुरुवात आहे प–ध–प–ग. जीमध्ये यातला प म्हणजे डी, दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट. ध म्हणजे ई, पहिली तार मोकळी. परत प. आणि ग म्हणजे बी, दुसरी तार मोकळी, फक्त बोट उचलायचं. खाली बेसचा जी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. मधे चौथी आणि तिसरी तार, डी आणि जी, मोकळ्याच वाजतात आणि कॉर्डमध्ये चपखल बसतात. म्हणजे पहिल्या दोन ओळी होईपर्यंत डाव्या हाताची फक्त दोन बोटं कामाला लागली, दोन बसून आहेत. मावशींना 'दुसरा माणूस' ऐकू आला तो असा, बहुतेक मोकळ्या तारांमधून.

खरी मजा पुढे आहे. गाणं शेवटाकडे येतं तेव्हा चाल एकदम वर चढते, वरचा रे–रे–म–रे. हा वरचा म या गाण्याचा सर्वांत उंच स्वर. जीमध्ये तो सी, पहिल्या तारेचा आठवा फ्रेट. डावा हात पार तिकडे गेल्यावर खाली बेस कोण धरणार? तिथे कॉर्ड आहे डी, आणि डी ही चौथी तार मोकळीच आहे! अंगठ्याने ती छेडायची, ती आपली घुमत राहते, आणि हात निवांत पाचव्या आणि आठव्या फ्रेटवर चाल वाजवतो. नंतर चाल उतरत उतरत खालच्या सावर येते, तो जी म्हणजे तिसरी तार मोकळी. शेवटच्या स्वराला बोटच लागत नाही.

म्हणून ई, ए, डी यांपैकी एखादी मोकळी तार बेसमध्ये वारंवार वापरता येईल अशी पट्टी शोधायची. सी, जी, डी, ए, ई या मेजर पट्ट्या, आणि ए, ई, डी या मायनर. गाणारे म्हणाले, आम्हाला बी फ्लॅटच हवी, तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. बोटं जीचीच ठेवायची, गाणं बी फ्लॅटमध्ये वाजतं. दोघंही खूश.

स्वर विझतो, त्याचं काय

पेटीचा भाता हलता ठेवा, स्वर हवा तेवढा चालतो. माणसाचा गळा दम संपेपर्यंत चालतो. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो. कॅरलमध्ये लांब स्वर पुष्कळ असतात. 'सायलेंट नाइट'मधला तो ग तीन मात्रा टिकतो. गिटारवर तो एकदा छेडून गप्प बसलात तर तिसऱ्या मात्रेला भोक पडतं.

उपाय म्हणजे मधल्या तारा एकेक करून छेडायच्या. कॉर्डचे स्वर एकदम न वाजवता सुटे सुटे वाजवणं, याला आर्पेजिओ म्हणतात. पण लांब स्वर आला की भरमसाट आर्पेजिओ ओतायचा, ही व्हिडिओवाल्यांची खोड मला पटत नाही. भरणी चालीपेक्षा हळू हवी आणि तिच्याहून खालच्या स्वरात हवी. नाहीतर ऐकणारा भरणीलाच चाल समजतो. कधी कधी भोक राहू द्यावं. शांत रात्रीचं गाणं आहे, थोडी शांतता आली तर बिघडलं कुठे?

घंटेचा आवाज हवा असेल तर गिटारवर एक युक्ती आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर, म्हणजे तारेच्या नेमक्या मध्यावर, बोट फक्त टेकवायचं, दाबायचं नाही, आणि छेडताच उचलायचं. तार दोन सारख्या भागांत थरथरते आणि एक सप्तक वरचा काचेसारखा स्वच्छ स्वर निघतो. याला हार्मोनिक म्हणतात. शेवटच्या ओळीनंतर असे तीन-चार स्वर पुरतात. जास्त केलेत तर मोबाइलची रिंगटोन वाटायला लागते.

सहावी तार उतरवली की तानपुरा

'जॉय टू द वर्ल्ड'चे शब्द १७१९ चे, चाल छापली लोवेल मेसन या संगीतकाराने एकोणिसाव्या शतकात. तिची पहिली ओळ पेटी शिकलेल्या प्रत्येकाला येते, फक्त ठाऊक नसतं. वरच्या सापासून सरळ उतरायचं, सा–नी–ध–प–म–ग–रे–सा. बिलावलचा अवरोह! आपण पहिल्या आठवड्यात घोकतो तीच सरगम, लय बदलली की कॅरल.

हे गाणं डीमध्ये बसवावं, आणि त्यासाठी सहावी तार ईवरून एक पूर्ण स्वर उतरवून डी करावी. मग खालच्या तीन मोकळ्या तारा होतात डी–ए–डी, म्हणजे सा–प–सा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं. आता चाल पहिल्या तारेच्या दहाव्या फ्रेटवरून सुरू होते. नऊ, सात, पाच, तीन, दोन, मग मोकळी तार, आणि शेवटचा सा दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. हात जिना उतरल्यासारखा दांडीवरून खाली येतो आणि खाली सा–प–सा घुमत राहतात. ऐकायला अवघड वाटतं, वाजवायला सोपं. मुलांना पाहुण्यांसमोर वाजवायला मी हेच देतो.

सगळीच कॅरल अशी हसरी नसतात. 'व्हॉट चाइल्ड इज धिस'ची चाल म्हणजे सोळाव्या शतकातलं इंग्रजी प्रेमगीत 'ग्रीनस्लीव्ज'. नाताळचे हे शब्द १८६५ च्या सुमाराचे. ती ए मायनरमध्ये छान बसते. पण दोन पुस्तकांत दोन पाठ सापडतात. एकात धैवत कोमल, दुसऱ्यात शुद्ध. म्हणजे एक आसावरीकडे झुकतं, दुसरं काफीकडे, आणि ओळीच्या शेवटी शुद्ध निषाद लागतो, त्यामुळे धड कुठल्याच थाटात मावत नाही. मला शुद्ध धैवताचाच पाठ आवडतो. त्यात जुनेपणा आहे.

"ही प्रार्थना राहते, की नुसती बोटांची कसरत?"

हा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शब्द काढून घेतले की प्रार्थनेतलं काय उरलं? माझं म्हणणं एवढंच, वाजवताना मनात शब्द म्हणा, आणि तुमच्या भाषेतले म्हणा. मराठीत गाताना जिथे दम घेता, तिथे गिटारलाही दम घेऊ द्या. शब्द न म्हणता वाजवणारा पोरगा कुठेच थांबत नाही, आगगाडीसारखा सुटतो. कसरत वाटते ती तिथे.

शिवाय ही वाट आजची नाही. स्पेनच्या काटालोनिया भागातलं 'एल नोई दे ला मारे' हे बाळ येशूचं लोकगीत मिगेल ल्योबेत याने एकट्या गिटारसाठी बसवलं, आणि पुढे आंद्रेस सेगोव्हियासारखा दिग्गज ते मैफलीत वाजवायचा. दोन-अडीच मिनिटांची रचना आहे, स्वर थोडेच. टाकायचं काय, हे शिकायला तिच्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न आमच्याच मातीतला. मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्त्य चालींबरोबर भजनं आणि अभंगही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही परंपरा जोमाने वाढवली. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले होते, म्हणजे खानदेशचं या अंगणाशी नातं जुनं आहे. मग टिळकांचं भजन गिटारवर असंच बसवायचं का? नाही. तिथे चार गळ्यांचा हिशोब लागत नाही. रागातल्या चालीखाली दर मात्रेला कॉर्ड बदलत गेलात तर राग गुदमरतो. तिथे सहावी तार उतरवा, सा–प–सा घुमत ठेवा, वर एकेरी चाल वाजवा, आणि मींड हवी तिथे बोट तारेवरून न उचलता सरकवा. नवापूरकडे एका नाताळच्या रात्री मी ढोलाच्या शेजारी अशी गिटार ऐकली आहे. कॉर्ड एकच होती, आणि कुणाला दुसरीची आठवण आली नाही.

नोटेशन येत नाही, गिटार साधीच आहे

चालेल. गिटारसाठी टॅब नावाची लिपी आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. तासाभरात वाचता येते. तिची खोट एवढीच की स्वर किती वेळ टिकवायचा ते बहुतेक टॅब सांगत नाहीत, ते कानाने घ्यावं लागतं. सरगम येत असेल तर चाल आधी सरगमीत लिहून काढा, खाली बेस लिहा, मग तारा शोधा. मी अजूनही तसंच करतो, वहीच्या मागच्या पानावर.

गिटार नायलॉन तारांची की स्टीलची, यावर तास घालवू नका. नायलॉनचा आवाज मऊ आणि दांडी रुंद, बोटांना जागा मिळते. स्टीलचा स्वर जास्त टिकतो, बोटं जास्त दुखतात. जी घरात आहे ती घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी नुसती चाल, पहिल्या दोन-तीन तारांवर, पाठ होईपर्यंत. मग नुसता बेस, अंगठ्याने. मग दोन्ही. मधले स्वर सगळ्यात शेवटी, तेही एकेक. मुलं नेमकं उलटं करतात. आधी कॉर्ड धरतात आणि मग त्यात चाल शोधत बसतात.

व्हिडिओ टाकला तर कुणी पकडेल का?

भारतात गाण्याचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मोर १८४८ साली गेला, ग्रूबर १८६३ साली. तेव्हा 'सायलेंट नाइट' तुमचं, माझं, सगळ्यांचं आहे. तुम्ही स्वतः बसवलंत तर ती मांडणी तुमची. पण दुसऱ्या कुणी बसवलेली मांडणी त्याची असते, ती जशीच्या तशी उचलून आपल्या नावावर खपवू नका. आणि नाताळचं प्रत्येक गाणं जुनं नसतं. 'व्हाइट ख्रिसमस'चा रचनाकार अर्व्हिंग बर्लिन १९८९ साली वारला. हिशोब तुम्हीच करा. जुन्या गाण्यावरही कधी कधी व्हिडिओच्या साइटचं यंत्र आपोआप दुसऱ्याचा हक्क सांगतं. तेव्हा घाबरू नका, चाल जुनी आणि मांडणी माझी, असं लिहून हरकत घ्या.

डिसेंबरची थंडी आणि सहावी तार

ही गोष्ट कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, मी ती हात पोळून शिकलोय. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्री उघड्या मांडवात वाजवायचं होतं. घरात, उबेत, सहावी तार डीला उतरवली, सगळं जुळवलं आणि गिटार तशीच बाहेर नेली. खानदेशात उन्हाळा हाडं भाजतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण डिसेंबरच्या रात्रीही काही कमी नसतात. थंडीत स्टीलची तार आखडते, ताण वाढतो, स्वर चढतो. त्यात नुकती सैल केलेली तार काही वेळ आपसूक वर सरकतेच. 'जॉय टू द वर्ल्ड'ची वरची सरगम सुरेख उतरली, आणि खालचा सा भलताच निघाला. तोही पहिल्याच ओळीला, सगळं गाव शांत बसलेलं असताना.

आता मी तार डीच्याही थोडी खाली नेतो, अंगठ्याने दोन-चार वेळा ओढून घेतो आणि मग खालून वर डीला आणतो. गिटार अर्धा तास आधी मांडवात नेऊन उघडी ठेवतो, तिथली थंडी तिला लागू देतो आणि तिथेच पुन्हा जुळवतो. मागच्या वर्षी मावशी मांडवात पुढेच बसल्या होत्या. मी जुळवत असताना त्यांनी शेजारणीला सांगितलं, "थांब, दुसरा अजून यायचा आहे."